विमान गेल्यावर बोलू

“मग उद्या दिल्लीच्या त्या समितीपुढे मी बोलू तरी काय, भन्तेजी?”

शलाका अजून बसलीही नव्हती. शिकलेली, तापट, गावाची सगळ्यात तरुण नगराध्यक्षा. विहाराच्या मागच्या भिंतीपलीकडे विमानतळाची धावपट्टी होती.

“आधी बस,” भन्ते म्हणाले.

“बसायला वेळ नाही. आणि मन शांत ठेव, हे मुळीच सांगू नका. गावातले सगळे म्हातारे तेच सांगतात.”

“मी म्हातारा आहे खरा. पण अजून काही बोललोच नाही.”

ती बसली. पाय हलतच राहिला.

“शाळेच्या खिडक्यांना जाड काचा हव्यात. धूर मोजायचं यंत्र हवं. रात्रीची उड्डाणं कमी व्हायला हवीत. नगरपरिषदेच्या हातात यातलं काहीच नाही, सगळं दिल्लीच्या हातात. उद्या नाही म्हणाले तर पुन्हा कोणी येणार नाही. माझ्या बहिणीचं बाळ रोज वाफ घेऊन झोपतं, भन्तेजी...”

भन्तेंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“मागच्या समितीने काय लिहिलं माहीत आहे? सभा शांततेत पार पडली. रहिवाशांना आवाजाची सवय झाली आहे. मदतीची निकड नाही.”

“सभा शांततेत पार पडली होती?”

“विमान आलं की आपण सगळे गप्प बसतो, गेलं की वाक्य पुढे नेतो. लहान मुलंसुद्धा. समितीचे साहेब कौतुकाने बघत होते. किती समजूतदार लोक, म्हणे!” तिने कपाळावर हात मारला. “या वेळी माझ्याकडे आकडे आहेत, आलेख आहेत, पुण्याहून तज्ज्ञ येतायत. पण मला एवढंच सांगा, उद्या ते परत...”

विमान आलं.

शलाका थांबली. हात हवेत तसाच राहिला.

भन्ते थांबले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. सावकाश, नीट, तिच्याकडे बघत ते बोलत राहिले.

भिंत थरथरली. रॉकेलसारखा वास आत आला. विमान गेलं.

“...परत तेच लिहून गेले तर?” तिने वाक्य पुरं केलं. मग दचकून म्हणाली, “तुम्ही आत्ता काय म्हणालात?”

“तू विचारलंस त्याचं उत्तर.”

“अहो, पण डोक्यावर विमान होतं! मला एक अक्षर ऐकू आलं नाही.”

“मग सांग तसं.”

“कोणाला?”

भन्ते नुसते हसले.

“ही कोडी मला नकोत!” ती उठली. “माझ्या गावातली पोरं खोकतायत, आणि तुम्ही इथे...”

दुसरं विमान आलं.

तिचं तोंड उघडं होतं. डोळ्यांत आग होती. तरीही आवाज थांबला, ओठ आपोआप मिटले. ते मिटल्याचं तिला कळलं, आणि चेहरा उतरला. विमान जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग सगळं शांत झालं.

भन्तेंनी हळूच विचारलं, “उद्याही साहेबांपुढे अशीच थांबशील? तुला थांबायला कोणी सांगितलं?”