चांगुणेचा करंज

खाडीवर पूल नव्हता आणि मिठागरातलं मीठ माणसं हातांनीच ओढायची, त्या काळातली ही गोष्ट. पानखार गावात चांगुणा नावाची बाई राहायची. मुरगळलेला पाय चोळून द्यावा, तान्ह्या पोराचं पोट शेकावं, एवढंच तिला येत होतं. आपण वैद्य नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. पण गावाने ते ऐकलं नाही, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात म्हातारी नाथीआते तिच्या दारात आली. नाथीचा सारा जन्म मिठागरात गेला होता. वरून ऊन, आणि पांढऱ्या मिठावरून उलटून तोंडावर येणारं ऊन. तिच्या गालांवर आणि हातांवर तपकिरी डाग उठले होते. मिठागराच्या मक्तेदाराने ते पाहिले आणि म्हणाला, "हा मोठा रोग आहे. उद्यापासून हिने मिठाला हात लावायचा नाही." त्याच दिवशी नाथीच्या सुनेने तिचं ताट वेगळं केलं.

"चांगुणे, खरं सांग, हा रोग आहे का?"

चांगुणेने डाग दाबून पाहिले. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते. काडी टोचली तर नाथी हात मागे घेत होती, म्हणजे कातडी बधिर नव्हती.

"आते, मला तर हे उन्हाचे नि वयाचे डाग वाटतात. पण नक्की कळत नाही."

"मग घालव."

"कसे घालवू, तेही कळत नाही."

तरी म्हातारीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? चांगुणेने ताकात मसुराचं पीठ कालवलं आणि डागांना लावलं. उन्हात लेप तडकतो, म्हणून नाथीला बांधावरच्या करंजाखाली बसवलं. "ऊन कलेपर्यंत उठू नको. आणि बाहेर पडशील तेव्हा पदर पुढे ओढ, हात झाक," ती म्हणाली.

मग डाग असलेल्या दुसऱ्या बायका आल्या. मग डाग नसलेल्याही आल्या, पुढे उठू नयेत म्हणून. भर दुपारी मिठागर रिकामं आणि करंज भरलेला. मक्तेदार काठी घेऊन आला. "ऊन कललं की नाही अजून?" त्याने दरडावलं.

बायकांनी वर पाहिलं. सूर्य खाडीकडे उतरला होता, बांधाची सावली लांबली होती. पण करंजाची सावली दुपारी होती तिथेच, बायकांच्या अंगावर पांघरुणासारखी पडून होती, असं म्हणतात. मक्तेदाराने सूर्याकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं, पुन्हा सूर्याकडे पाहिलं. दुपार आहे की संध्याकाळ, हे त्याला सांगता येईना. तो काठी खाली करून घरी गेला. पुन्हा दुपारी त्याने कुणाला मिठात बोलावलं नाही.

सगळ्यांत गोंधळली ती चांगुणा. तिने झाडाला फेरी मारली, बुंध्याला हात लावून पाहिला. आपण काय केलं, हे तिला उमगेना.

पावसाळ्यानंतर नाथीचे डाग फिकट झाले. सगळे गेले नाहीत, पण नवा एकही आला नाही. सुनेने ताट पुन्हा आपल्याशेजारी मांडलं. मग होड्या भरभरून लोक येऊ लागले. एकदा एका माणसाच्या कानामागचा काळा डाग वाढत होता, त्यातून रक्त येत होतं. चांगुणा म्हणाली, "हा माझ्याकडचा नाही. खाडीपलीकडे मोठ्या डॉक्टरकडे जा. आजच जा."

ती सगळ्यांना विचारायची, "लेपाने गेले की सावलीने?" कुणी म्हणे लेपाने, कुणी म्हणे झाडातल्या देवीने. तिने आपल्या एका हाताला लेप लावला, दुसऱ्याला नाही, आणि सावलीत बसली. दोन्ही हात सारखेच दिसले. म्हणून तिने ताक बंद केलं, तर लोक घरून ताक घेऊन आले.

मग एका दुपारी ती करंजाखाली बसली आणि बायका उठल्या तेव्हा तिथे नव्हती. लेकीकडे गेली म्हणतात. सावलीत मिसळली, असंही म्हणतात.

आजही पानखारात मीठ ओढायला सुरुवात होण्याआधी पोरी करंजाखाली म्हाताऱ्यांच्या हातांना ताकाचा लेप लावतात. भर दुपारी कुणी मिठात उतरत नाही. आणि एखाद्या पाहुण्याने विचारलंच, की लेप खरा की सावली, तर बायका म्हणतात, "चांगुणेलाही कळलं नव्हतं. बस खाली." आणि सरकून त्याला जागा करून देतात.