मिठाला फुटलेला झरा

फार जुनी गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात वैशाखात विहिरी तळाला गेल्या. तहानलेली साळुंकी एका विहिरीवर आली, तर काठावरच्या करवंटीतला मिठाचा खडा दमट हवेनं ओलाचिंब झालेला.

“मला झरा फुटलाय!” खडा ओरडला. “ही विहीर जन्मभर जमिनीत शिरून सुकली. मी बसल्या जागी हवेतून पाणी काढलं!”

“अरे, तू विरघळतोयस,” विहीर म्हणाली.

“जळतेस माझ्यावर!”

साळुंकीनं त्याच्या पाण्यात चोच बुडवली आणि घोट थू करून टाकला.

“चव कळायला अक्कल लागते,” खडा म्हणाला.

साळुंकी विहिरीत उतरली. गढूळ का होईना, घोटभर पाणी प्यायली आणि गारव्याला बसून खड्याला सुनावायचे शब्द जुळवत राहिली. संध्याकाळी वर आली, तर करवंटीत नुसतं खारं पाणी. ऐकून घ्यायला खडाच उरला नव्हता.