राव्याने गिळले, साळुंकीने गिळले

एका राज्यात राजाला दोनच आवाज ऐकू येत: पूर्वेच्या बुरुजावरच्या राव्याचा आणि पश्चिमेच्या बुरुजावरच्या साळुंकीचा. दोघे राज्यभर उडत आणि पाहिलेले येऊन सांगत. माणसे बोलली की राजा सुकेतूला नुसते ओठ हलताना दिसत.

त्या राज्यात अग्निनळ्या होत्या. फुंकर घातली की नळीतून मातीची तापलेली गोळी सुटे आणि शंभर पावलांवरचा माणूस पडे. नळ्या विकणारे श्रेष्ठी राव्याला सोन्याचे दाणे घालीत. साळुंकीला प्रधान दुर्जय घाली. त्याला प्रजेच्या नळ्या काढून घ्यायच्या होत्या, आपल्या शिपायांच्या तेवढ्या राखायच्या होत्या.

एके दिवशी जत्रेत नळ्या चालल्या. सात माणसे मेली. जिवाई कुंभारणीची नऊ वर्षांची तानी बांगड्या भरत होती, ती कासाराच्या पाटीवरच पडली.

रावा म्हणाला, "महाराज, एका वेड्याने सात मारले. नळीचा काय दोष? प्रत्येकाच्या कमरेला नळी असती तर तो आधीच मेला असता."

साळुंकी म्हणाली, "महाराज, प्रजेच्या नळीने सात मारले. प्रधानांचे शिपाई धावले म्हणून बाकीचे वाचले."

जिवाईने भरदरबारात टाहो फोडला. राजाने कौतुकाने विचारले, "ही बाई गाते आहे का?"

ते ऐकून तिच्या डोळ्यांतले पाणी आटले. ती तडक डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली. "राजाला शाप तू दिलास. उतरव!"

"शाप कसला, बाई? गाऱ्हाणी ऐकून तो कंटाळला होता. वर म्हणून मागून घेतले त्याने."

"मग माझी पोर त्याच्या कंटाळ्यापायी मेली?"

मांत्रिकाने मान खाली घातली. "पोरीच्या चितेच्या राखेत ज्वारीचे तीन दाणे भाज. जो खाईल, तो गिळलेले ओकेल. एक राव्याला दे, एक साळुंकीला. तिसरा तू खा. तिघांचे ओकून झाले की राजाला माणसे पुन्हा ऐकू येतील."

"मी? मी काय गिळले आहे?"

"ते तुझे तुला ठाऊक."

जिवाई पूर्वेचा बुरूज चढली. राव्याने दाणा टिपला, आणि त्याच्या चोचीतून शब्द पडले: "तो वेडा साऱ्या गावाला ठाऊक होता. श्रेष्ठींनी त्याच सकाळी त्याला नळी विकली. मी पाहिले."

ती पश्चिमेचा बुरूज चढली. साळुंकीने दाणा टिपला. "वेड्याने चार मारले. तिघे शिपायांच्या गोळ्यांनी मेले. घाबरून त्यांनी गर्दीतच नळ्या फुंकल्या. मी पाहिले."

दोन्ही बुरुजांवरचे शब्द कानी पडताच राजा सिंहासनावरून उठला. जिवाई दरबारात आली आणि तिने तिसरा दाणा चावला. तिचा घसा पेटला.

"गोळ्या माझ्या भट्टीतल्या होत्या!" ती ओरडली. "श्रेष्ठीही माझ्याकडून नेत, प्रधानही नेई. शिकारीला लागतात, असे मी मनाला सांगत होते. माझी तानी माझ्याच मातीने मेली. कुणाच्या नळीतून, ते मला ठाऊक नाही. आता तरी ऐकू येते का रे, राजा?"

"येते," राजा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "सारे ऐकू येते. बाई, तू थांबू नकोस."

ती थांबली नाही. सातही जणांची नावे तिने घेतली, प्रत्येकामागे कोण रडते आहे तेही सांगितले. राजा उभ्याने ऐकत राहिला. दिवस कलला तेव्हा त्याने फर्मान काढले: राज्यातली प्रत्येक नळी राजकोठारात जमा होईल, शिकाऱ्याला पंचांच्या साक्षीने मिळेल. वेड्याला नळी विकणारे आणि गर्दीत नळी फुंकणारे एकाच न्यायासनापुढे उभे राहतील.

दुसऱ्या दिवशी कोठारापुढे रांग लागली. श्रेष्ठी होते, शेतकरी होते, शिकारी होते. प्रधान दुर्जय मात्र सिंहासनाजवळ उभा राहून हसत म्हणाला, "आमच्या शिपायांचे तर वेगळे असेल ना, महाराज?"

"हो," राजा म्हणाला. "त्यांची रांग आधी."