लाल दोऱ्याचं तोंडलं

गोजरामावशीची होती एक परसबाग. परसबागेत होता मांडव. मांडवावर होता तोंडल्याचा वेल.

मावशी दर शनिवारी भाजी तोडायची. पेटीत भरायची. टेम्पो यायचा, पों पों! पेटी शहरात जायची.

पण वेलावर मावशी नेहमी एक फळ राखायची. त्याला लाल दोरा बांधायची. म्हणायची, "हे पाखराचं."

मांडवावर राहायचा शेंडू. शेंडू म्हणजे बुलबुलाचं पिल्लू. एवढंसं अंग, एवढीशी शेंडी.

आई म्हणाली होती, "शेंडू, लाल दोऱ्याचं तोंडलं तुझं. पण हिरवं खाऊ नकोस. लाल होऊ दे."

शेंडू रोज बघायचा. तोंडलं हिरवं. तोंडलं पिवळं. तोंडलं थोडं लाल. शेंडू थांबला. सात दिवस थांबला.

शनिवार आला. तोंडलं लालचुटूक झालं. पण त्या दिवशी मावशीचा चष्मा राहिला घरात. दोरा दिसलाच नाही. खुडलं तोंडलं, टाकलं पेटीत. झाकण लावलं, सुतळी बांधली. मावशी गेली चहा ठेवायला.

शेंडू आला. बघतो तर वेलावर नुसता देठ, आणि पेटीच्या फटीत लाल दोरा! शेंडूला रडूच आलं.

ऊन होतं कुंपणावर. ऊन शेवग्यावर आलं की टेम्पो येतो. मग तोंडलं जाणार दूर. फार दूर.

टुणुक टुणुक, शेंडू गेला पेटीकडे.
"पेटीताई, पेटीताई, उघड ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना."
पेटी म्हणाली, "मला बांधलंय सुतळीनं. आधी सुतळी सुटू दे."

टुणुक टुणुक, शेंडू गेला सुतळीकडे.
"सुतळीबाई, सुतळीबाई, सूट ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना."
सुतळी म्हणाली, "मावशीची गाठ आहे बाबा! आपोआप सुटत नाही. आधी उंदीर कुरतडू दे."

टुणुक टुणुक, शेंडू गेला उंदराकडे.
"उंदीरमामा, उंदीरमामा, कुरतड ना!"
"शेंडी एवढीशी आणि हाक केवढी! का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना, सुतळी सुटेना."
उंदीर म्हणाला, "उपाशीपोटी सुतळी? छे छे! आधी पेरू पडू दे. पिकलेला हं. कच्चा चालणार नाही."

टुणुक टुणुक, शेंडू गेला पेरूच्या झाडाकडे.
"पेरूदादा, पेरूदादा, पेरू पाड ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना, सुतळी सुटेना, उंदीर कुरतडेना."
पेरू म्हणाला, "घसा सुकलाय माझा. पानं बघ कशी मलूल. आधी पाणी वाहू दे."

ऊन आलं अळूवर.

टुणुक टुणुक, शेंडू गेला पाटाकडे. पाटात पाणी होतं. पण गप्प उभं होतं.
"पाणीताई, पाणीताई, वाहा ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना, सुतळी सुटेना, उंदीर कुरतडेना, पेरू पडेना."
पाणी म्हणालं, "मी कधीची निघालेय. पण वाटेत ढेकूळ बसलंय. आधी ढेकूळ फुटू दे."

टुणुक टुणुक, शेंडू गेला ढेकळाकडे.
"ढेकूळराव, ढेकूळराव, फुटा ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना, सुतळी सुटेना, उंदीर कुरतडेना, पेरू पडेना, पाणी वाहेना."
ढेकूळ म्हणालं, "मी असा टणक. तुझ्या चोचीनं काय होणार? माझ्याखाली गांडूळ आहे. आधी गांडूळ वळवळू दे."

शेंडूनं मान वाकवली. भोकात डोकावला.
"गांडूळदादा, गांडूळदादा, वळवळ ना!"
"का रे शेंडू?"
"तोंडलं मिळेना, पेटी उघडेना, सुतळी सुटेना, उंदीर कुरतडेना, पेरू पडेना, पाणी वाहेना, ढेकूळ फुटेना."

आतून बारीक आवाज आला.
"वळवळलो तर मी दिसेन. दिसलो तर तू मला खाशील."

शेंडूनं भोकात बघितलं.
पोटात गुर्र झालं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आणि गांडूळ होतं गुबगुबीत.

शेंडूनं विचार केला. बराच वेळ केला.
माझं तोंडलं गेलं, तर मला एवढं रडू आलं. गांडूळ गेलं तर? गांडुळाकडे तर गांडुळावाचून दुसरं काहीच नाही.

"नाही खाणार," शेंडू म्हणाला.
"कशावरून?"

शेंडूनं पाठ फिरवली. चोच पंखात खुपसली. डोळे मिटले. आणि बसून राहिला.

ऊन आलं शेवग्यावर.
दूर वाजलं, पों पों!
शेंडूनं चोच काढली नाही. मागे वळून बघितलं नाही.

मग हळूच,
गांडूळ वळवळलं, वळवळ वळवळ.
ढेकूळ फुटलं, भुस्स!
पाणी वाहिलं, खळखळ खळखळ.
पेरू पडला, धप्प!
पेरू खाऊन उंदीर पेटीकडे पळाला. सुतळी कुरतडली, कुर्र कुर्र कुर्र.
सुतळी सुटली, तट्ट!
पेटी उघडली, फट्ट!

टेम्पो दारात आला. टेम्पोवाल्या बाळूनं हाक मारली, "मावशी, झाली का पेटी?"
"आले रे! चहा तर घे आधी."

मावशी आली. आता डोळ्यांवर चष्मा होता.
"अगं बाई, सुतळी कुणी कुरतडली? उंदरा, मेल्या, थांब तू!"
मग तिनं पेटीत बघितलं. भाजीवर लाल दोरा.
"अरे देवा! पाखराचं तोंडलं मी पेटीत घातलं?"
"एकच तर आहे मावशी," बाळू म्हणाला. "जाऊ दे की."
"एकच आहे, म्हणूनच नाही जायचं," मावशी म्हणाली.

तिनं तोंडलं उचललं. दोऱ्यानं वेलाला परत बांधलं. मग ती लांब जाऊन उभी राहिली.

टुणुक टुणुक, शेंडू आला. चोच मारली. टच्च!
आत लाल. आत गोड. जेवढा थांबला होता, त्याहून गोड.

अर्धं खाल्लं. अर्धं चोचीत धरलं. टुणुक टुणुक, गांडुळाच्या भोकाशी ठेवलं.
"मला दात नाहीत रे," गांडूळ म्हणालं.
"मग?"
"राहू दे. मऊ झालं की खाईन. मलाही थांबता येतं."

पेटी गेली पों पों, शहरातल्या दारी.
शेंडू निजला मांडवात, पोट त्याचं भारी.
गांडूळ निजलं मातीत.
आता तुम्ही निजा कुशीत.