मामाने चढवलेलं पोतं

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनीही कान द्या, कारण यात चूक मोठ्यांचीच आहे.

एका राज्यात रुंद नदी होती. तिथल्या धक्क्यावर सगुणा नावाची बाई होडीत चढणारा माल तपासायची. राजाचा नियम मोठा गमतीचा. मालाचं नाव विचारायचंच नाही. पोतं उन्हात उघडायचं, आत बघायचं आणि ओरडून सांगायचं: रंग कोणता, खडे की भुकटी, कोरडं की ओलं. लोक चेष्टा करायचे, "ही बाई मिठालासुद्धा मुलगी बघायला आल्यासारखं बघते."

मग उजाडला तिच्या लेकीच्या, मंजुळाच्या लग्नाचा दिवस. नवरदेव पलीकडच्या काठी, मुहूर्त जवळ आलेला, नुसती धांदल. नवरीच्या मामाने होडीत एक पोतं चढवलं आणि भाचीला त्यावरच बसवलं.

"काय रे आहे त्यात?" सगुणाने विचारलं. नियम मोडून नावच विचारलं बघा.

"चुना गं अक्का. व्याह्यांच्या भिंतींना."

चुना तर तिच्या चंचीतल्या डबीतही होता, ओला, मऊ, पानाला लावायचा. "मग चला," ती म्हणाली. होडी निघाली.

थोडं अंतर गेलं असेल नसेल, सगुणाची नजर पोत्याच्या बांधलेल्या तोंडावर गेली. आपण पाहिलंच नाही.

"होडी मागे घ्या."

"अक्का, मुहूर्त टळेल," मामा वैतागला.

"टळू दे."

काठ लागला. सगुणाने लेकीला उठवलं, पोत्याचं तोंड सोडलं आणि ओरडली, "पांढरे. खडे. कोरडे." आता तिला उमगलं. हा भट्टीतून काढलेला कळीचा चुना होता, पाणी लागलं की उकळणारा. आणि होडीच्या तळाशी पाणी झिरपत होतं. तिने हात लावला, तर पोत्याचं बूड गरम.

"उतरा सगळे."

वऱ्हाड धडाधड उतरलं आणि पोतं फुटलं. वाफेचे लोट उठले. तळातलं पाणी भाताच्या आधणासारखं खदखदू लागलं.

मामाने भाचीकडे पाहिलं. "मी तिला त्यावर बसवलं होतं गं."

"आणि मी बसू दिलं," म्हणत सगुणा लेकीला छातीशी धरून रडली.

मुहूर्त टळला, लग्न गोरज मुहूर्तावर ठरलं. दुसऱ्या होडीत चढताना मामाने अक्षतांचं गाठोडं आपणहून सोडलं आणि ओरडला, "लाल. दाणे. कोरडे." या वेळी कुणीही हसलं नाही.

बोध एवढाच, की नाव कितीही ओळखीचं असो, वस्तू कशी दिसते ते आधी डोळ्यांनी पाहावं आणि मगच तिला जवळ करावं.