नळीतली चांदी

“एवढं साठवतोस ते कशासाठी, दादा?”

फार पूर्वी एका रुंद नदीच्या काठी एका धाकट्या भावाने आपल्या थोरल्या भावाला हे विचारलं होतं. एकदा नाही, शंभरदा. थोरला नुसता वल्हं मारत राहायचा. त्याने कधी उत्तर दिलं नाही. आणि मग उत्तर द्यायला तोच राहिला नाही.

दोघे भाऊ नावाडी. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्याला थोरल्याने आणि वहिनीने वाढवलं. दोघे एका ताटात जेवले, पण पैशाच्या बाबतीत एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. नावेच्या भाड्याचा रुपया थोरल्याच्या हातात पडला की बांबूच्या नळीत जायचा. धाकट्याच्या हातात पडला की जत्रेत जायचा. दोस्तांना जिलबी, स्वतःला जरीचा फेटा. गाव थोरल्याला कवडीचुंबक म्हणायचं. ते कानावर आलं की धाकटा बाह्या सरसावून भांडायला उठायचा.

चैत्रात थोरल्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्या नदीवर एक रीत होती. नावाडी गेला की तेराव्याला दोन्ही काठांच्या गावांना जेवण घालायचं. जितक्या पंगती उठतील तितका माणूस मोठा. धाकट्याने रडत रडतच नळी फोडली. चांदीचे रुपये जमिनीवर पसरले.

“नऊ पंगती उठवतो!” तो ओरडला. “बुंदीचे लाडू, वर तुपाची धार! कवडीचुंबक म्हणणाऱ्यांच्या तोंडात घास कोंबतो!”

वहिनी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “भाऊजी, लोकांची तोंडं बंद करायचीत, की ह्यांचं नाव राखायचंय? आधी ते ठरवा.”

धाकट्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दादा गेल्याच्या चौथ्या दिवशी नाव बुडाली. वादळ नाही, पूर नाही. खुंटाला बांधल्या जागीच ती हळूहळू पाण्याखाली गेली. ती जुनी होती, जागोजागी ठिगळं लावलेली. थोरला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिच्यातलं पाणी उपसायचा, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आधी तो तापाने पडलेला, मग सुतकात नावेला हात लावायचा नाही, म्हणून आठवडाभर कुणी उपसलं नाही.

सुताराने बुडी मारून बघितलं आणि मान हलवली.

“ही संपली. नवी बांधावी लागेल. आज सागवान आणलं तर पावसाच्या आत नाव पाण्यात उतरेल. नाहीतर वरच्या अंगाला पायी नदी ओलांडायची वाटही पाण्याखाली जाईल आणि दिवाळीपर्यंत गाव अलीकडेच. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे. आणि एक सांगतो, नळीभर चांदी नावेलाच लागेल. पंगतीही आणि नावही, असं जमायचं नाही.”

धाकटा गोंधळला. दादाच्या मनात काय होतं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तो गावात विचारत निघाला, “माझा दादा कशासाठी साठवत होता?”

सोनार म्हणाला, “बायकोला पाटल्या करायच्या असतील.”

पुजारी म्हणाला, “काशीला जायचं असणार, दुसरं काय?”

व्यापारी म्हणाला, “धान्य भरून ठेवायचं असेल. महागलं की विकायचं!”

दिवा लावायलाही तेल न जाळणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, “कशासाठी म्हणजे? जवळ असावी म्हणून. उशाला चांदी असली की झोप लागते.”

धाकटा भर रस्त्यात थांबला. त्याने कपाळावर हात मारला. अरे, हे दादाचं कुठे सांगतायत? ज्याच्या मनात जे आहे, तेच त्याला नळीत दिसतंय!

मग त्याला स्वतःचं आठवलं. त्याला नळीत काय दिसलं होतं? नऊ पंगती, आणि मधोमध जरीचा फेटा बांधून तूप वाढणारा तो स्वतः. त्याची मान खाली गेली.

तो घरी आला. “वहिनी, तुला तरी सांगितलं होतं का गं दादाने?”

“लग्न झाल्यापासून विचारत आले,” वहिनी म्हणाली. “नुसते हसायचे. आता ती चांदी तुमच्या हातात आहे, भाऊजी. कशासाठी, ते तुम्हीच ठरवायचं.”

धाकटा तसाच सुताराकडे गेला. सगळी चांदी त्याने सुताराच्या उपरण्यात ओतली.

“घासाघीस नाही करत. पण लाकूड असं आण, की माझ्या नातवालाही पाणी उपसावं लागू नये.”

तेरावा उजाडला. दोन्ही काठांचे लोक आले. बघतात तर पंगत नाही, आचारी नाही, काठावर नुसत्या सागवानाच्या फळ्या रचलेल्या. धाकटा बोडक्या डोक्याने उभा. त्याने फेटा विकून चुरमुरे आणि गूळ आणला होता, तोच तो वाटत होता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “धाकटाही कवडीचुंबकच निघाला की!” लोक हसले.

धाकट्याच्या मुठी वळल्या. मग सुटल्या. त्याने छाती पुढे काढली.

“होय! भाऊ कुणाचा आहे मी? त्याची चांदी त्या सागवानात आहे. जा, थाप मारून बघा, कशी खणखणीत वाजते! आणि गूळ माझ्या फेट्याचा आहे. गोड लागला नाही तर मला बोला, माझ्या दादाला नाही!”

हसणं थांबलं. एक म्हातारी गूळ चघळत लाकडांपाशी गेली आणि फळीवरून हात फिरवू लागली. मग दुसरी गेली. मग सगळेच गेले.

आभाळ भरून येऊ लागलं तेव्हा नाव पाण्यात उतरली. पहिल्या फेरीला धाकट्याने एकही उतारू घेतला नाही. नावाड्याच्या अस्थी नावेतूनच मधल्या धारेत सोडायच्या असतात, म्हणून मडकं इतके दिवस निंबाच्या फांदीला टांगलेलं होतं. त्याने वहिनीला पुढे बसवलं. मधल्या धारेत वल्ही थांबवली. दोघांनी मिळून अस्थी सोडल्या. तो मोठ्याने रडला, कुणाची लाज न धरता. मग त्याने मनगटाने तोंड पुसलं, नाव वळवली, आणि पलीकडच्या काठावर गाठोडी घेऊन थांबलेल्या माणसांना घरी आणलं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: पैसा मुका असतो, तो ज्याच्या हाती जाईल त्याच्याच मनातलं बोलतो. म्हणून मूठ उघडण्याआधी आपलं मन उघडून बघावं.