भागूचा घोडा

फार पूर्वी, नदीच्या वळणावरच्या एका गावात केरोबा नावाचा खेळाचे पट करणारा राहत असे. लाकडी फळीवर तो रान रंगवायचा, आणि त्या रानात फिरवायच्या सोंगट्या चिमाआत्या कोरायची. एक नवा खेळ जमवायला दोघांचं वर्ष जाई. चिमाआत्याच्या हातचं हरीण चिमटीत धरलं, तर त्याची मान वळलेली आहे हे डोळे मिटूनही कळायचं.

गावात एक शेठ होता. त्यानं घरोघरी खेळायची मेजं दिली होती, तीही अगदी स्वस्तात. मेजाला एक खोबणी होती. शेठचा शिक्का असलेलाच पट तिच्यात बसे, आणि शिक्क्याचा पट मिळे तो फक्त शेठच्या दुकानात. दहा पट विकले गेले की दोन पटांचे पैसे शेठचे. लोकांना आता मेजाची सवय झाली होती. जमिनीवर बसून कुणी खेळत नसे.

एके दिवशी शेठनं सगळ्या पटवाल्यांना सांगितलं, "यापुढे दहांतले तीन माझे."

केरोबा म्हणाला, "शेठ, दोन देतानाच आमची ओढाताण होते."

"मग किंमत वाढव. मी मेजं तोट्यात देतो ते कशाच्या जोरावर? आणि माझं मेज नसेल तर तुझा पट मांडणार कुठे?"

किंमत वाढवली तर लोक पट घेणार नाहीत, हे केरोबाला ठाऊक होतं.

बाहेर पडल्यावर बाकीचे पटवाले थांबले होते. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "उद्या सगळे मिळून शेठकडे जाऊ. पटच नसतील तर त्याची मेजं कोण घेईल? पण तू हवास, केरोबा. तुझा पट सगळ्यांत जास्त खपतो."

केरोबाच्या मनात आलं, शेठ चिडला आणि आपलाच पट मागच्या फळीवर टाकला तर? तो म्हणाला, "मला जरा काम आहे. तुम्ही व्हा पुढे."

त्याच्याशिवाय कुणी गेलं नाही.

घरी येऊन त्यानं हिशेब मांडला. लाकूड कमी करता येत नव्हतं, रंग कमी करता येत नव्हता. उरली फक्त कोरण्याची मजुरी. चिमाआत्या अंगणात बसून घोड्याची आयाळ कोरत होती. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आत्या, या वर्षी सोंगट्या साध्याच करू म्हणतो. गोल चकत्या. रंगावरून ओळखतील लोक."

चिमाआत्यानं हातातला घोडा पुरा केला, फुंकर मारून भुसा उडवला आणि कोरायची हत्यारं फडक्यात गुंडाळली. "लेकीच्या गावी जाते मग," एवढंच ती म्हणाली.

नवा पट बाजारात आला. लोकांनी तो घेतला. थोडी कुरकुर केली आणि खेळले. केरोबाला वाटलं, निभावलं.

महिन्याभरानं गावचा नावाडी तो पट घेऊन दारात आला. केरोबाचा प्रत्येक पट तो घ्यायचा. आपल्या बायकोला, भागूला, दिसत नाही हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं.

"पैसे परत नकोत," नावाडी म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी दे. भागू रोज संध्याकाळी माझ्याशी खेळायची. हाताला घोडा लागला की हसायची. या चकत्या सगळ्या सारख्याच लागतात तिला. परवा मीच सांगत होतो, ही लाल, ही हिरवी. ती म्हणाली, राहू दे, दोन्हीकडून तुम्हीच खेळताय."

केरोबा त्याच पावली चिमाआत्याच्या लेकीच्या गावी गेला. आत्या ओसरीवर बसली होती. तिच्या बोटांना कंप सुटला होता.

"काम सुटलं आणि हात गेले बघ," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत एकेका पटवाल्यानं असंच काही ना काही कमी केलं. कुणी रंग गाळला, कुणी अर्धा खेळ वेगळा विकायला काढला. त्या म्हाताऱ्यानं तर धंदाच सोडला. सगळे पट एकसारखे दिसू लागले, तसे लोकांनी मेजांवर हंडे-कळश्या ठेवायला सुरुवात केली. शेठच्या दुकानात धूळ साचली.

केरोबानं स्वतःच कोरायला घेतलं. बोटं कापून घेतली, पुष्कळ लाकूड वाया घालवलं. शेवटी एक घोडा घेऊन तो नावाड्याच्या घरी गेला आणि भागूच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो बराच वेळ चाचपला. "बैल आहे का?"

"घोडा आहे, वहिनी."

"बरं," ती हळूच म्हणाली. "घोडा समजते."

आणि केरोबाला वाईट वाटू नये म्हणून तिनं तो मुठीत धरून ठेवला.

तात्पर्य: वरून आलेलं ओझं गप्प राहून खाली सरकवलं की ते नाहीसं होत नाही, ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं, अशा कुणाच्या तरी हातातलं सुख ते घेऊन जातं.